बायबलमधल्या गोष्टीवरून संदेश कसा तयार करायचा, नामानाची गोष्ट हातात घेऊन

मला पहिल्यांदा चर्चमध्ये संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला सांगितलं तेव्हा मी २ राजे अध्याय ५ निवडला, कारण नामानाची गोष्ट लहानपणापासून पाठ होती. मोठा सेनापती, अंगावर कोड, यार्देन नदीत सात बुड्या, बरा झाला, तात्पर्य काय तर देवाचं ऐका. तीन मुद्दे काढले, तिन्ही 'आ'वरून, आजार, आज्ञा, आरोग्य, आणि स्वतःवरच इतका खूश झालो की विचारू नका. उपासना संपल्यावर दारात एक मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "चांगलं बोललास बाळा, पण त्या पोरीचं काय झालं रे? गेली का ती घरी?" ती पोर म्हणजे इस्राएलातून धाडीत पळवून आणलेली, नामानाच्या घरात राबणारी मुलगी, संदेष्ट्याकडे जायचं तिनेच सुचवलं होतं. मी त्या मुलीला अर्धं वाक्य दिलं होतं. खरं सांगायचं तर तिच्याबद्दल मी काही विचारच केला नव्हता, गोष्टीतून मुद्दे पिळून घेतले आणि गोष्ट टाकून दिली.

तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय, आणि उदाहरणाला तीच गोष्ट ठेवतो म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. बायबल उघडून २ राजे ५ समोर ठेवा, २७ वचनं आहेत, दहा मिनिटांत वाचून होतात.

आधी गोष्टीची हद्द ठरवा

गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आपण ठरवत नाही, गोष्ट ठरवते. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच, अध्याय पडले १३व्या शतकात आणि वचनांचे आकडे नव्या कराराच्या छापील ग्रीक प्रतीत आले १५५१ साली, त्यामुळे आकड्यावर विसंबून गोष्ट कापू नका. माणसं, जागा किंवा वेळ बदलली की बहुतेक वेळा नवीन प्रसंग सुरू होतो, ती खूण जास्त भरवशाची.

नामानाची गोष्ट बहुतेक जण १४व्या वचनावर संपवतात, बरा झाला, हालेलूया, बसा. पण पुढे अजून १३ वचनं आहेत, नामान परत येतो, बक्षीस द्यायला बघतो, त्याला बुड्या मारायला सांगणारा संदेष्टा अलीशा घेत नाही, मग अलीशाचा नोकर गेहजी मागून पळत जाऊन खोटं बोलून घेतो. हे सगळं सोडलं तर अर्धीच गोष्ट सांगितली. लूक १५मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्याचंही तेच होतं, धाकटा मुलगा घरी आला की आपण आमेन म्हणतो आणि मोठा भाऊ तसाच अंगणात उभा राहतो. खरं तर त्या अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांत परूशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळचे कडक धर्मनिष्ठ यहूदी आणि नियमशास्त्राचे पंडित, कुरकुर करतायत म्हणून येशू तो दाखला सांगतोय, म्हणजे मोठ्या भावावरच तर सगळा रोख आहे.

मग वाचा, आणि मोठ्याने वाचा

इथे घाई करू नका, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच जायला हवा. पहिले दोन दिवस टीकाग्रंथ, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक, उघडायचा नाही, यूट्यूबवर दुसऱ्याचा संदेश ऐकायचा नाही, मोबाईल बाजूला. गोष्ट मोठ्याने वाचायची, सकाळी एकदा, रात्री एकदा. या गोष्टी मुळात ऐकण्यासाठीच होत्या, नुसत्या डोळ्यांनी वाचल्या की ओळखीचे शब्द आपण गाळून पुढे जातो. तिसऱ्या-चौथ्या वाचनाला दुसरं भाषांतर घ्या, जुन्या भाषेतलं वाचत असाल तर सोप्या भाषेतलं, आणि जिथे दोन्हींत फरक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा.

वाचताना एका कोऱ्या कागदावर प्रश्न लिहीत जा, उत्तरं नकोत. कितीही बाळबोध वाटले तरी लिहा. माझ्या कागदावर दुसऱ्या वेळी असे प्रश्न होते: ज्यांनी पळवून आणलं त्यांच्याच घरातल्या माणसाचं भलं ती मुलगी का चिंतते? इस्राएलाचा राजा कपडे का फाडतो, त्याला अलीशा आठवत कसा नाही? अलीशा बाहेर का येत नाही? नामानाला खेचरांवर लादून माती कशाला हवी? बक्षीस घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? यातला शेवटचा प्रश्न मला सगळीकडे घेऊन गेला, ते पुढे येईलच.

गोष्ट कुठे रेंगाळते ते बघा

बायबलमधल्या गोष्टी फार काटकसरीने सांगितलेल्या असतात. माणूस दिसायला कसा होता, मनात काय चाललं होतं, हे सहसा सांगतच नाहीत. म्हणून जिथे सांगितलंय तिथे थांबायचं. तीन गोष्टी शोधा, कोण बोलतं आणि काय बोलतं, कुठला शब्द परत परत येतो, आणि कुठे विनाकारण वाटावा असा तपशील आलाय.

नामानाच्या गोष्टीत कोण बोलतं याची यादी केली आणि मी उडालोच. कामाची बातमी प्रत्येक वेळी लहान माणसाकडून येते. आधी पळवून आणलेली मुलगी, मग निरोप्या, मग रथाबरोबरचे चाकर. मोठी माणसं काय करतात? एक राजा पत्र लिहितो, दुसरा कपडे फाडतो, सेनापती चिडतो. मुलीचं नाव नाही, चाकरांची नावं नाहीत, दोन्ही राजांचीही नावं नाहीत बरं का, हे गमतीशीर आहे.

आता शब्द. दुसऱ्या वचनात 'लहान मुलगी', आणि १४व्या वचनात नामानाचं अंग 'लहान मुलासारखं' झालं. हिब्रूत दोन्हीकडे तेच दोन शब्द आहेत, एकदा स्त्रीलिंगी आणि एकदा पुल्लिंगी. यासाठी हिब्रू यावं लागत नाही, मराठीत वाचतानाही 'लहान' दोनदा दिसतो, फक्त वाचण्याचा वेग कमी पाहिजे.

आणि तपशील म्हणाल तर ९व्या वचनात नामान घोडे-रथ घेऊन अलीशाच्या दाराशी येऊन उभा राहतो. २१व्या वचनात गेहजी, म्हणजे एक नोकर, मागून पळत येताना दिसतो तर हाच नामान त्याला भेटायला रथातून खाली उतरतो. नामानात काय बदल झाला यावर लेखकाने अवाक्षर काढलेलं नाही, नुसतं खाली उतरवलंय. असं काही सापडलं की समजा संदेशाचा अर्धा ऐवज हाती लागला.

पार्श्वभूमी, पण मोजकी

आता टीकाग्रंथ, शब्दकोश, नकाशा, जे असेल ते उघडा, कागदावरच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला. प्रश्न आधी नसेल तर पुस्तकातलं सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि मग मंडळीला पंधरा मिनिटं नामानाच्या अराम देशाचा, म्हणजे सूरियाचा, इतिहास ऐकावा लागतो.

मला उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी सांगतो. एक, ज्याला आपण कोड किंवा कुष्ठ म्हणतो तो हिब्रू शब्द आजच्या कुष्ठरोगाइतका नेमका नाही, लेवीय १३ आणि १४ मध्ये तोच शब्द कपड्याला आणि घराच्या भिंतीला पडलेल्या डागांनाही वापरलाय. हे माहीत असलं की पुलपिटवरून भलतं काही बोललं जात नाही. दुसरी, पाचव्या वचनातली रक्कम. दहा किक्कार रुपं आणि सहा हजार शेकेल सोनं, ऐकताना काहीच कळत नाही. आजच्या मापात ती अंदाजे ३४० किलो चांदी आणि सत्तर किलोच्या आसपास सोनं होतं, वर दहा पोशाख. माणूस बरं व्हायला निघालाय की राज्य विकत घ्यायला! हा आकडा सांगितला की लोक सरसावून बसतात, आणि अलीशाचा नकार किती मोठा होता हेही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अशीच पार्श्वभूमी चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यालाही लागते, वाटेत लुटलेल्या माणसाला परका शोमरोनी मदत करतो तो. यरुशलेमहून यरीहोला 'खाली जात होता' असं लूक म्हणतो ते अक्षरशः खरं आहे, साधारण २७ किलोमीटरमध्ये हजारेक मीटर उतार. एवढं एका वाक्यात येतं, तेवढंच घ्या.

ज्याचं उत्तर मजकुरातच नाही तिथे स्वतःचं उत्तर घुसवू नका. मावशींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अध्यायात नाही. मुलगी चौथ्या वचनानंतर गोष्टीत दिसतच नाही. नंतर हीच गोष्ट परत सांगितली तेव्हा मी सरळ म्हणालो की शास्त्र इथे गप्प आहे, आणि क्षणभर थांबलो. तिला घरी पोहोचवून गोड शेवट करायचा मोह झाला होता, नाही म्हणत नाही.

सगळं एका वाक्यात

या टप्प्यावर दोन-तीन पानं टिपणं झालेली असतात आणि सगळंच सांगावंसं वाटतं. आता एक वाक्य लिहायचं, एकच, साधं, 'आणि' न घालता. या वाक्यासाठी मला कधी कधी तीन दिवस लागतात, आणि ते सापडलं नाही तर संदेश भरकटतोच, हे मी हमखास सांगू शकतो.

नामानासाठी माझं पहिलं वाक्य होतं, 'देवाची आज्ञा पाळली तर आशीर्वाद मिळतो.' यात गोष्टीची गरजच नाही, हे कुठल्याही अध्यायाला चिकटवता येतं, म्हणून बाद. दुसरं, 'देव लहान माणसांकडून काम करवतो.' बरं आहे, पण गेहजीचा प्रसंग यात बसत नाही. मग तो बक्षिसाचा प्रश्न आठवला, आणि वाक्य झालं: 'देव नामानाला फुकट बरं करतो, तेच नामानाला जड जातं.' आता बघा सगळं कसं एका दोऱ्यात येतं, तो सोनं-चांदी घेऊन निघतो, यार्देनेसारख्या साध्या नदीत बुडी मारायला सांगितल्याचा त्याला राग येतो कारण त्यात त्याचा मोठेपणा कुठेच लागत नाही, चाकर म्हणतात की काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतं ना, अलीशा एक पैसा घेत नाही, आणि गेहजीचा गुन्हा काय, तर जे फुकट दिलं गेलं त्याला त्याने किंमत लावली. २७च्या २७ वचनं बसली.

वाक्य तपासायला मी दोन प्रश्न विचारतो. हे वाक्य याच गोष्टीतून येतं का, की दुसऱ्या कुठल्याही गोष्टीतून आलं असतं? आणि यात देव काही करतोय का, की सगळं माणसानेच करायचंय?

इथे पाय घसरतो

पहिला खड्डा म्हणजे प्रत्येक गोष्टीचं 'असे व्हा, तसे होऊ नका' करणं. दावीदासारखे धाडसी व्हा, योसेफासारखे शुद्ध राहा, मार्थेसारखी धावपळ करू नका. हे अगदी चुकीचं आहे असं नाही, पण दर रविवारी हेच ऐकलं की माणूस दमतो. शिवाय याकोबाचं काय करणार? भावाला फसवणारा, बापाला फसवणारा, त्याच्यासारखं व्हा कसं म्हणणार?

दुसरा खड्डा, प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवणं. दावीदाने पाच गोटे उचलले, मग पहिला गोटा विश्वास, दुसरा प्रार्थना, तिसरा उपास... मीही केलंय हे, लोक वाहवा करतात. ही खोड फार जुनी आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनने शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिथला रखवालदार म्हणजे प्रेषित पौल असा अर्थ लावला होता. ऑगस्टीन मोठा माणूस, पण पौलाचा तिथे काय संबंध, येशूचा प्रश्न तर 'शेजारी कोण झाला' एवढाच होता! १८८८ मध्ये जर्मन अभ्यासक युलिशर याने उलट टोक गाठलं, दाखल्याचा मुद्दा एकच. तेही जरा ताणलेलंच आहे, पण नवशिक्याने त्या बाजूला झुकलेलं बरं.

तिसरा खड्डा लोकांना जखम करतो. गेहजीला शेवटी कोड लागतं, हे वाचून बेसावधपणे बोललात तर समोर बसलेल्या आजारी माणसाला ऐकू येतं की तुझा आजार तुझ्या पापाचा आहे. योहान ९:३ मध्ये जन्मांध माणसाबद्दल येशूने हा हिशोब साफ नाकारलाय, ते वचन हाताशी ठेवा आणि गरज असेल तर स्पष्ट म्हणा. तसंच परूशी म्हटला की खलनायक, असं करून एका अख्ख्या समाजाला झोडपू नका, आणि गुलाम मुलीची गोष्ट सांगताना 'तिला देवाने तिथे पाठवलं' असं हसत हसत तर अजिबात म्हणू नका, तिला धाडीत उचलून नेलं होतं.

येशूपर्यंत कसं पोहोचायचं

जुन्या करारातल्या गोष्टीवरून संदेश देताना शेवटच्या दोन मिनिटांत उडी मारून वधस्तंभावर जायची आपल्याला सवय आहे. रस्ता असेल तर चालत जा. नामानाच्या बाबतीत रस्ता येशूनेच बांधलाय. लूक ४:२७ मध्ये नासरेथच्या सभास्थानात तो म्हणतो, अलीशाच्या काळी इस्राएलात पुष्कळ कुष्ठरोगी होते पण शुद्ध झाला तो सूरियाचा नामान. हे ऐकून सभास्थानातले लोक इतके संतापतात की त्याला कड्यावरून ढकलायला नेतात. आपल्याला न विचारता, बाहेरच्याला, शत्रूच्या सेनापतीला, फुकट! तोच राग, जो आधी नामानाला आला होता. सगळ्याच गोष्टींना इतका सरळ रस्ता मिळत नाही, मग राहाबेच्या खिडकीतल्या लाल दोरीचं ओढूनताणून येशूचं रक्त करण्यापेक्षा त्या गोष्टीत देव कसा दिसतो एवढं सांगितलं तरी चालतं.

आराखडा आणि लिहिणं

तीन मुद्द्यांचा साचा नव्या करारातल्या पत्रांना बरा पडतो, पौल स्वतःच मुद्दे मांडत जातो. गोष्टीला मात्र आराखडा आधीच असतो, अडचण, गुंता, वळण, मग मोकळं होणं. त्याच क्रमाने चाला आणि मधे मधे आजच्या आयुष्यात डोकावून परत या. वळण आधी फोडू नका. सुरुवातीलाच 'आज आपण पाहणार आहोत की कृपा फुकट असते' म्हणालात तर पुढचे वीस मिनिटं लोकांनी बसायचं कशाला? नाथान संदेष्ट्याने पाप करून बसलेल्या दावीद राजासमोर काय केलं ते २ शमुवेल १२ मध्ये बघा, कोकराची गोष्ट सांगितली, राजाला राग येऊ दिला, आणि मग म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. हेच वाक्य आधी म्हटलं असतं तर राजाने पुढचं काही ऐकलंच नसतं.

सुरुवातीची काही वर्षं पूर्ण लिहून काढा, शब्द न् शब्द. वाचायचं नाही, पण लिहायचं, कारण लिहिल्याशिवाय विचारातली भोकं दिसत नाहीत. बोलल्यासारखं लिहा, छोटी वाक्यं. ९ ते ११ वचनांसाठी मी असं लिहिलं होतं:

'घोडे उभे आहेत. रथ उभा आहे. नामान वाट बघतोय. आता तो माणूस बाहेर येईल, देवाचं नाव घेईल, जागेवरून हात फिरवेल. येतो कोण? निरोप्या.'

पहिल्या खर्ड्यात 'दार बंद आहे' असंही होतं, ऐकायला झकास वाटत होतं. मग वचन पुन्हा पाहिलं, दाराशी येऊन उभा राहिला एवढंच आहे, बंद-उघडं काही नाही. खोडलं. हात फिरवायचं मात्र मजकुरातलंच आहे, ११व्या वचनात नामान स्वतःच म्हणतो. रंग भरायला हरकत नाही, पण आपला रंग आणि शास्त्राचा रंग लोकांना वेगळा कळला पाहिजे, 'मला वाटतं', 'कदाचित' हे शब्द त्यासाठीच आहेत.

दाखले देताना घरच्यांच्या गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय सांगू नका, आणि कुणी प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितलेलं तर कधीच नको, नाव बदललं तरी लोक ओळखतात.

लांबीचं म्हणाल तर घड्याळ लावून एक पान मोठ्याने वाचा, त्यावरून हिशोब करा. नवीन असाल तर वीस मिनिटं पुरे. योनाने निनवेत केलेली घोषणा मूळ हिब्रूत पाच शब्दांची आहे आणि सगळं शहर पालटलं, उलट प्रेषितांची कृत्ये २०:९ मध्ये पौलाचं भाषण लांबत गेलं आणि युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला उठवलं, आपल्याला ते जमेल याची खात्री नाही.

शेवट आधीच लिहून ठेवा आणि तिथे पोहोचलात की थांबा. 'शेवटी', मग 'जाता जाता', मग 'एकच सांगतो' असे तीन शेवट मी खूप ऐकलेत आणि दिलेतही.

उभं राहून सांगताना

शास्त्रवाचन तुम्हीच करणार असाल तर त्याचा सराव संदेशाइतकाच करा. नेहम्या ८:८ मध्ये लेव्यांनी नियमशास्त्र स्पष्ट वाचलं आणि अर्थ समजावला असं आहे, वाचन आधी येतं. नावं अडखळली की गोष्ट तिथेच पडते, अबाना, परपर, रिम्मोन दहा वेळा म्हणून बघा.

कागदावर पूर्ण संदेश न नेता एका पानावर प्रसंगांची नावं न्या: मुलगी, पत्र, दार, राग, नदी, माती, गेहजी. गोष्ट असल्यामुळे पुढचा प्रसंग आपोआप आठवतो, हा गोष्टीचा मोठा फायदा. आवाज चढवायची गरज वळणावर एकदा पडते, सतत ओरडलं की माइक आणि मंडळी दोघंही दमतात. आणि महत्त्वाच्या वाक्यानंतर दोन सेकंद गप्प राहा. तुम्हाला ते दोन मिनिटांसारखे वाटतील.

प्रार्थनेबद्दल वेगळं कलम काढलं नाही कारण ती एका पायरीवर बसत नाही. पण शनिवारी रात्री तयारी झाली नाही म्हणून 'आत्मा बोलवून घेईल' म्हणणं, त्याला प्रार्थना म्हणत नाहीत.

नंतर

मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मंगळवार-बुधवारी ऐका, त्याच दिवशी नको. दोन माणसं ठरवून ठेवा, एक वयस्कर आणि एक शाळेतलं पोर, आणि त्यांना 'कसं झालं' असं विचारू नका, 'छान' म्हणतील. विचारा, गोष्ट काय होती? मग विचारा, मी काय म्हणालो? दोन्हीत तुमचं ते एक वाक्य कुठेतरी आलं तर जमलं.

सरावासाठी पहिल्या वेळी बर्तीमय घ्या, मार्क १०:४६-५२, सातच वचनं आणि हद्दीचा गोंधळ नाही, त्यात त्याने अंगावरचा झगा का टाकला असेल यावर दोन दिवस बसा. मग जक्कय, लूक १९:१-१०. रूथचे चार अध्याय चार रविवारांसाठी छान पडतात, पण बवाजाच्या खळ्यातला तिसरा अध्याय नवीन असताना एकट्याने घेऊ नका, आधी एखाद्या अनुभवी पाळकांबरोबर बसून वाचा. नामान घेतलात तर मात्र १४व्या वचनावर थांबू नका, आणि दारात कुणी मुलीबद्दल विचारलं तर घाईने उत्तर देऊ नका.